घटक ६ : डायोड परिपथातील रोधाची निवड – लघुसंकेत विश्लेषणाची ओळख

६.० उद्दिष्टे

हा घटक अभ्यासल्यानंतर तुम्हाला –
• ‘रोध’ आणि ‘गतिक रोध’ या दोन संज्ञांतील फरक स्पष्ट करता येईल.
• वक्ररेषेवरील लहान बदलासाठी सरळ रेषेचा आधार का घेता येतो, हे सांगता येईल.
• दिलेल्या अटींवरून रोधकाचे मूल्य टप्प्याटप्प्याने निश्चित करता येईल.
• अशा विश्लेषणाची मर्यादा ओळखून निष्कर्ष तपासता येईल.

६.१ प्रास्ताविक

विद्यार्थी मित्रहो, मागील घटकांत आपण वैज्ञानिक गद्याची वैशिष्ट्ये पाहिली. व्याख्या नेमकी असावी, एका शब्दाला एकच अर्थ असावा आणि प्रत्येक विधान मागच्या विधानावर उभे असावे, हे तत्त्व म्हणून आपण स्वीकारले आहे. या घटकात एका छोट्या तांत्रिक निर्णयाच्या आधारे ते तत्त्व प्रत्यक्ष कसे राबवले जाते, हे पाहावयाचे आहे. निर्णय असा : काही डायोड आणि एक रोधक यांच्या साहाय्याने स्थिर विभवांतर मिळवायचे आहे. त्यासाठी रोधक किती ओहमचा घ्यावा?

प्रश्न एका अंकाचा दिसतो. परंतु त्याच्या उत्तरात दोन परस्परविरोधी गरजांचा तोल साधावा लागतो. रोध फार मोठा घेतला तर विभवांतर डळमळते. फार लहान घेतला तर वीज व्यर्थ खर्च होते. शिवाय वरवर बिनचूक वाटणारा हिशेब प्रत्यक्ष उपकरणात अपुरा ठरण्याची शक्यता असते. ती कोठे दडलेली असते, हे समजून घेणे हा या घटकाचा गाभा आहे. गणित दहावीच्या पातळीपलीकडे फारसे जात नाही. कागद-पेन्सिल जवळ ठेवून प्रत्येक आकडा स्वतः पडताळून पाहावा.

६.२ विषय-विवेचन

६.२.१ ओहमचा नियम न पाळणारा घटक

जॉर्ज सायमन ओहम या जर्मन शास्त्रज्ञाने १८२७ मध्ये प्रसिद्ध केलेला नियम तुम्हाला ठाऊक आहे. वाहकाची भौतिक अवस्था कायम असेल, तर त्यातील विद्युतधारा त्याच्या टोकांमधील विभवांतराच्या समप्रमाणात असते. विभवांतर दुप्पट केले की धारा दुप्पट होते. विभवांतराला धारेने भागले असता मिळणारी संख्या कायम राहते आणि तिलाच आपण रोध म्हणतो. या संबंधाचा आलेख सरळ रेषेत येतो.

डायोड हा नियम पाळत नाही. ‘डायोड’ हा शब्द विल्यम एकल्स या ब्रिटिश शास्त्रज्ञाने १९१९ मध्ये ग्रीक धातूंवरून घडवला. त्याचा शब्दशः अर्थ ‘दोन मार्ग असलेला’ असा होतो. मराठी परिभाषेत त्यासाठी ‘द्विप्रस्थ’ असा शब्दही आढळतो. तथापि, व्यवहारात ‘डायोड’ हाच शब्द रूढ असल्याने या घटकात तोच वापरला आहे. आज सर्वत्र दिसणारा डायोड सिलिकॉनसारख्या अर्धवाहकाचा असतो. तो एका दिशेने धारा जाऊ देतो आणि विरुद्ध दिशेने जवळजवळ अडवतो.

ज्या दिशेने धारा जाते त्या दिशेचाच आपण विचार करू. विभवांतर सुमारे अर्ध्या व्होल्टपर्यंत वाढवत नेले तरी धारा नगण्य राहते. त्यानंतर मात्र ती झपाट्याने वाढू लागते. नेहमीच्या वापरातील सिलिकॉन डायोडवर सुमारे ०.७ व्होल्ट विभवांतर आढळते, ते यामुळेच. या वाढीमागील सिद्धांत विल्यम शॉकली यांनी १९४९ मध्ये मांडला. त्यानुसार विभवांतरात समान भर घातली की धारा समान पटीने वाढते. सामान्य तापमानाला सुमारे ६० मिलिव्होल्टची भर पडली की आदर्श डायोडमधील धारा दहापट होते. आणखी ६० मिलिव्होल्ट वाढवले की पुन्हा दहापट, म्हणजे मूळच्या शंभरपट होते. अशा वाढीला घातांकी वाढ म्हणतात.

यातूनच डायोडचा एक उपयोग सुचतो. धारा कितीही कमीअधिक झाली, तरी डायोडवरील विभवांतर फारसे बदलत नाही. म्हणून तीन डायोड एकामागोमाग एकसर जोडले, तर त्या मालेवर सुमारे २.१ व्होल्ट इतके जवळजवळ स्थिर विभवांतर मिळते. ‘जवळजवळ’ या शब्दाचे मोल किती, हे मात्र मोजावे लागते.

६.२.२ सरळ व्याज आणि चक्रवाढ व्याज

डायोडमधील धारेची वाढ समजण्यासाठी तुमच्या परिचयाचे एक उदाहरण घेऊ. चक्रवाढ व्याजात दर वर्षी मिळणारे व्याज त्या वेळच्या एकूण रकमेच्या प्रमाणात असते. रक्कम मोठी तर व्याज मोठे. डायोडमधील धारा अशीच वागते. विभवांतर एका मिलिव्होल्टने वाढले की धारा त्या वेळच्या धारेच्या सुमारे ४ टक्क्यांनी, म्हणजे पंचविसाव्या हिश्श्याने वाढते. हा पंचविसाचा आकडा मनचा नाही. तापमानावर अवलंबून असणारे एक विभवांतर सिद्धांतात येते आणि सामान्य तापमानाला त्याचे मूल्य सुमारे २५ मिलिव्होल्ट असते. त्याला औष्णिक विभवांतर म्हणतात.

आता मुदत अगदी थोडी असेल, तर चक्रवाढ व्याज आणि सरळ व्याज यांत फरक जवळजवळ पडत नाही. मुदत वाढली की तफावत वाढत जाते. डायोडबाबत ती पुढीलप्रमाणे दिसते :

• १ मिलिव्होल्टची भर : सरळ हिशेबाने धारेत ४ टक्के वाढ, प्रत्यक्षातही सुमारे ४ टक्के.
• ५ मिलिव्होल्टची भर : सरळ हिशेबाने २० टक्के, प्रत्यक्षात सुमारे २२ टक्के.
• १० मिलिव्होल्टची भर : सरळ हिशेबाने ४० टक्के; प्रत्यक्षात सुमारे ४९ टक्के.
• २५ मिलिव्होल्टची भर : सरळ हिशेबाने १०० टक्के, प्रत्यक्षात सुमारे १७० टक्के.

बदल ‘लहान’ आहे असे कशाच्या तुलनेत म्हणायचे, याचे उत्तर या चार ओळींत आहे. बदल २५ मिलिव्होल्टच्या तुलनेत लहान असला पाहिजे. एका डायोडवरील बदल साधारणपणे ५ मिलिव्होल्टच्या आत असेल, तर सरळ हिशेब विश्वासार्ह ठरतो. अशा लहान बदलापुरती वक्ररेषेऐवजी तिची स्पर्शिका वापरण्याच्या पद्धतीला लघुसंकेत विश्लेषण म्हणतात.

६.२.३ एका घटकाचे दोन रोध

वरील विवेचनातून एक उपयुक्त सूत्र मिळते. एका मिलिव्होल्टने धारेचा पंचविसावा हिस्सा वाढतो. म्हणून विभवांतरातील लहान बदलाला धारेतील बदलाने भागले असता जी संख्या मिळते, ती अशी लिहिता येते :

गतिक रोध = २५ मिलिव्होल्ट ÷ डायोडमधील धारा

समजा डायोडमधून ५ मिलिॲम्पिअर धारा वाहत आहे आणि त्यावर ०.७ व्होल्ट म्हणजे ७०० मिलिव्होल्ट विभवांतर आहे. एकूण विभवांतराला एकूण धारेने भागले तर १४० ओहम मिळतात. गतिक रोध मात्र २५ ÷ ५ = ५ ओहम इतकाच आहे. दोन्ही संख्या ओहममध्येच आहेत, दोन्ही एकाच डायोडच्या आहेत, तरी त्यांचे अर्थ वेगळे आहेत. पहिली संख्या ‘एकूण किती?’ या प्रश्नाचे उत्तर देते, तर दुसरी ‘थोडे बदलले तर किती बदलेल?’ या प्रश्नाचे. स्थिरतेचा प्रश्न हा बदलाचा प्रश्न असल्याने तेथे गतिक रोधच लागू होतो. भाषेच्या अभ्यासकाने येथे विशेष थांबावे. विवेचनात ‘गतिक’ हे विशेषण एकदा जरी गळले, तरी १४० आणि ५ यांची अदलाबदल होते आणि निष्कर्ष अठ्ठावीसपट चुकतो.

गतिक रोध कायम नसतो, हेही ध्यानात ठेवावे. धारा वाढली की तो कमी होतो आणि धारा घटली की वाढतो. ही गोष्ट पुढे निर्णायक ठरणार आहे.

स्वयं-अध्ययन प्रश्न १
(अ) डायोडमधील धारा २ मिलिॲम्पिअर असल्यास गतिक रोध किती?
(आ) धारा दुप्पट केल्यास गतिक रोधाचे काय होईल?

६.२.४ प्रश्नाची मांडणी

आता प्रत्यक्ष प्रश्न मांडू. वीजपुरवठा ९ व्होल्टचा आहे. परंतु तो ८ ते १० व्होल्टच्या दरम्यान कमीजास्त होतो. त्याला एक रोधक आणि तीन डायोडांची माला एकसर जोडली आहे. मालेच्या दोन टोकांवर सुमारे २.१ व्होल्ट मिळतात. तेथे एक लहान उपकरण जोडायचे आहे. ते चालू झाले की १ मिलिॲम्पिअर धारा घेते, बंद असले की काहीच घेत नाही. अट अशी की, उपकरण चालू होताना मालेवरील विभवांतर २० मिलिव्होल्टपेक्षा अधिक घसरू नये. निवडलेल्या डायोडवर ५ मिलिॲम्पिअर धारेच्या आसपास ०.७ व्होल्ट असतात, असे धरू.

कार्यपद्धती दोन टप्प्यांची आहे. प्रथम स्थिर अवस्थेचे चित्र काढायचे : पुरवठ्याच्या ९ व्होल्टपैकी २.१ व्होल्ट डायोडमालेवर, उरलेले ६.९ व्होल्ट रोधकावर. यावरून धारा मिळते आणि धारेवरून गतिक रोध. नंतर केवळ बदलाचे चित्र काढायचे. त्यात जे बदलत नाही ते शून्य मानायचे आणि प्रत्येक डायोडच्या जागी त्याचा गतिक रोध ठेवायचा. या दुसऱ्या चित्रात सर्व घटक ओहमचा नियम पाळतात. म्हणून अवघड प्रश्न सोपा होतो.

६.२.५ पुरवठ्यातील चढउतार : एक अनपेक्षित निष्कर्ष

पुरवठा एका व्होल्टने बदलला तर मालेवर किती बदल होईल? रोधक लहान घ्यावा की मोठा? अनेकांना वाटते की, मोठा रोधक चढउतार अधिक अडवील. तपासून पाहू.

रोधक दुप्पट केला की धारा निम्मी होते. धारा निम्मी झाली की प्रत्येक डायोडचा गतिक रोध दुप्पट होतो. रोधक आणि गतिक रोध दोन्ही एकाच पटीने वाढल्यामुळे त्यांच्यात बदलाची वाटणी होते ती पूर्वीच्याच प्रमाणात. हे प्रमाण तीन डायोडांचे ७५ मिलिव्होल्ट आणि रोधकावरील ६.९ व्होल्ट यांच्यातील आहे. मालेच्या वाट्याला बदलाचा सुमारे ९३ वा हिस्सा येतो. म्हणजे पुरवठ्यातील एका व्होल्टच्या बदलाने मालेवर सुमारे ११ मिलिव्होल्टचा बदल होतो. रोधक १ किलोओहमचा असो वा २ किलोओहमचा, उत्तर तेच.

घातांकी नियमाने काटेकोर हिशेब केल्यास पुरवठा वाढताना सुमारे १० आणि घटताना सुमारे १२ मिलिव्होल्ट मिळतात. एका डायोडच्या वाट्याला केवळ ४ मिलिव्होल्ट येत असल्याने सरळ हिशेब येथे चांगला टिकला. तात्पर्य, पुरवठ्यातील चढउताराच्या विचाराने रोधकाचे मूल्य ठरतच नाही. ते ठरते उपकरण घेत असलेल्या धारेवरून.

६.२.६ रोधकाची निवड : पहिला अंदाज

उपकरण चालू झाले की त्याला लागणारी १ मिलिॲम्पिअर धारा कोठून येते? रोधकावरील विभवांतर जवळजवळ कायम असल्याने त्यातून येणारी धाराही जवळजवळ तेवढीच राहते. म्हणून उपकरणाला मिळणारी धारा डायोडांच्या वाट्यातून वजा होते. डायोडांतील धारा १ मिलिॲम्पिअरने घटते आणि विभवांतर त्या प्रमाणात घसरते.

सरळ हिशेबाने घसरण = मालेचा गतिक रोध × १ मिलिॲम्पिअर. ती २० मिलिव्होल्ट असावयाची, म्हणजे मालेचा गतिक रोध २० ओहम असावा. मालेचा गतिक रोध म्हणजे ७५ मिलिव्होल्ट भागिले धारा. म्हणून धारा ३.७५ मिलिॲम्पिअर हवी. रोधक = ६.९ व्होल्ट ÷ ३.७५ मिलिॲम्पिअर = १.८४ किलोओहम. बाजारात रोधक ठरावीक मूल्यांचेच मिळतात. प्रचलित मालिकेत १, १.२, १.५, १.८, २.२ किलोओहम अशी मूल्ये येतात. म्हणून १.८ किलोओहम निवडावा, असे पहिला अंदाज सांगतो.

६.२.७ अंदाजाची तपासणी

लघुसंकेत विश्लेषणाचे उत्तर हाती आले की, ‘बदल खरोखर लहान होता का?’ हा प्रश्न विचारल्याशिवाय ते स्वीकारू नये. येथे एका डायोडवरील बदल सुमारे ६.५ मिलिव्होल्ट आहे, म्हणजे ५ मिलिव्होल्टच्या बाहेर. धारा तर ३.८३ वरून २.८३ मिलिॲम्पिअरवर आली. चतुर्थांशाहून अधिक घटली. धारा घटत असताना गतिक रोध वाढत जातो. म्हणून प्रत्यक्ष घसरण सरळ हिशेबापेक्षा जास्तच असणार. घातांकी नियमाने ती २२ मिलिव्होल्टच्या थोडी वर येते. अट मोडली.

दुसरी बाब याहून गंभीर आहे. आपण ९ व्होल्टवर हिशेब केला. परंतु पुरवठा ८ व्होल्टपर्यंत उतरतो. तेव्हा रोधकावर केवळ ५.९ व्होल्ट उरतात, धारा कमी होते आणि गतिक रोध वाढतो. ज्या स्थितीत परिपथ सर्वांत दुबळा असतो, त्या स्थितीतही अट पाळली गेली पाहिजे. म्हणून प्रत्येक उपलब्ध मूल्यासाठी ८ व्होल्टला होणारी घसरण काटेकोरपणे काढू :

• १.८ किलोओहम : धारा ३.२८ मिलिॲम्पिअर, घसरण सुमारे २७ मिलिव्होल्ट.
• १.५ किलोओहम : धारा ३.९३ मिलिॲम्पिअर, घसरण सुमारे २२ मिलिव्होल्ट.
• १.२ किलोओहम : धारा ४.९२ मिलिॲम्पिअर, घसरण सुमारे १७ मिलिव्होल्ट.
• १ किलोओहम : धारा ५.९ मिलिॲम्पिअर, घसरण सुमारे १४ मिलिव्होल्ट.

अट पूर्ण करणारे सर्वांत मोठे मूल्य १.२ किलोओहम आहे. रोधकांच्या मूल्यात ५ टक्क्यांची तफावत सर्वसाधारणपणे मान्य असते. तेवढी वाढ झाली तरी रोध १.२६ किलोओहम होतो, आणि अटीची सीमा सुमारे १.३८ किलोओहम येते. म्हणून ही निवड सुरक्षित आहे.

यावरून लघुसंकेत विश्लेषण निरुपयोगी ठरले, असे मात्र समजू नये. रोध काही शे ओहम घ्यावा की दहा हजार, हे काहीच ठाऊक नसताना त्याने आपल्याला थेट योग्य परिसरात आणून सोडले. पुरवठ्याच्या चढउताराशी रोधकाचा संबंध नाही, हेही त्यानेच दाखवले. अंदाज दिशा देतो. निर्णय तपासणीनंतरच करावा.

६.२.८ दोन्ही बाजूंच्या सीमा

मग १ किलोओहम किंवा त्याहूनही लहान रोधक का घेऊ नये? कारण स्थिरतेची किंमत सतत मोजावी लागते. १.२ किलोओहमच्या रोधकातून ९ व्होल्टला ५.७५ मिलिॲम्पिअर धारा उपकरण बंद असतानाही वाहत राहते. पुरवठा ५०० मिलिॲम्पिअर-तास क्षमतेच्या बॅटरीचा असेल, तर ती केवळ या परिपथामुळे सुमारे ८७ तासांत संपेल. रोधक निम्मा केला तर आयुष्यही निम्मे होईल. उष्णतेचा प्रश्न येथे सौम्य आहे : १० व्होल्टला रोधकात सुमारे ५२ मिलिवॅट खर्च होतात आणि पाव वॅटचा साधा रोधक ते सहज सोसतो.

विरुद्ध टोकही पाहा. रोधक १० किलोओहमचा घेतला तर एकूण धारा ०.६९ मिलिॲम्पिअर इतकीच मिळते. उपकरणाला तर १ मिलिॲम्पिअर हवी. अशा वेळी डायोडांच्या वाट्याला काहीच उरत नाही, ते जणू परिपथात नसल्यासारखे होतात आणि विभवांतर कोसळते.

६.२.९ रोधकाच्या हाती नसलेल्या गोष्टी

दोन मर्यादा नोंदवणे आवश्यक आहे. पहिली, प्रत्यक्षातील डायोड आदर्श नसतात. सूत्रातील २५ मिलिव्होल्टला १ ते २ यांच्या दरम्यानच्या एका गुणांकाने गुणावे लागते. हा गुणांक २ असल्यास गतिक रोध दुप्पट होतो आणि रोधकाची निवड नव्याने करावी लागते.

दुसरी मर्यादा तापमानाची. धारा कायम असताना तापमान एका सेल्सिअस अंशाने वाढले, तर सिलिकॉन डायोडवरील विभवांतर सुमारे २ मिलिव्होल्टने घटते. तीन डायोडांवर ते ६ मिलिव्होल्ट होते. दहा अंशांची वाढ झाली की ६० मिलिव्होल्टची घट होते. ज्या २० मिलिव्होल्टसाठी आपण एवढा हिशेब केला, त्याच्या ती तिप्पट आहे. रोधक कोणताही निवडला तरी ती टळत नाही. उपकरणाला तापमानातही स्थिरता हवी असेल, तर वेगळीच रचना शोधली पाहिजे. कोणत्या प्रश्नाचे उत्तर आपल्या साधनाने मिळणार नाही, हे स्पष्ट सांगणे हाही चांगल्या स्पष्टीकरणाचा भाग असतो.

स्वयं-अध्ययन प्रश्न २
(अ) पुरवठ्यातील चढउताराचा परिणाम रोधकाच्या मूल्यावर का अवलंबून नाही?
(आ) हिशेब ९ व्होल्टऐवजी ८ व्होल्टला का तपासला?

६.३ सारांश

डायोडमधील धारा आणि विभवांतर यांचा संबंध घातांकी आहे. बदल २५ मिलिव्होल्टच्या तुलनेत लहान असेल, तर या वक्ररेषेऐवजी स्पर्शिका वापरता येते आणि डायोडच्या जागी त्याचा गतिक रोध ठेवता येतो. या पद्धतीने तीन डायोडांच्या परिपथासाठी प्रथम १.८ किलोओहमचा अंदाज मिळाला. बदल पुरेसा लहान नसणे आणि पुरवठा ८ व्होल्टपर्यंत उतरणे या दोन कारणांनी तो अपुरा ठरला आणि १.२ किलोओहमचा रोधक निश्चित झाला. मोठ्या रोधाने स्थिरता जाते, लहान रोधाने वीज जाते. निवड या दोहोंच्या मध्ये करायची असते.

६.४ पारिभाषिक शब्द

अर्धवाहक : वाहक व विसंवाहक यांच्या दरम्यान वाहकता असलेला पदार्थ.
औष्णिक विभवांतर : तापमानावर अवलंबून असणारे, सामान्य तापमानाला सुमारे २५ मिलिव्होल्ट असलेले विभवांतर.
गतिक रोध : विभवांतरातील लहान बदल भागिले धारेतील संबंधित बदल.
परिपथ : विद्युतधारा वाहण्याचा पूर्ण मार्ग.
स्पर्शिका : वक्ररेषेला एका बिंदूत स्पर्श करणारी सरळ रेषा.

६.५ स्वयं-अध्ययन प्रश्नांची उत्तरे

प्रश्न १ : (अ) १२.५ ओहम. (आ) निम्मा होईल.
प्रश्न २ : (अ) रोधक बदलला की धारा बदलते आणि गतिक रोधही त्याच पटीने बदलतो; त्यामुळे बदलाच्या वाटणीचे प्रमाण कायम राहते. (आ) ८ व्होल्टला धारा सर्वांत कमी आणि गतिक रोध सर्वांत जास्त असतो. तेथे अट पाळली गेली तर इतरत्रही पाळली जाते.

६.६ सरावासाठी स्वाध्याय

१. उपकरण १ ऐवजी ०.५ मिलिॲम्पिअर धारा घेत असल्यास, इतर अटी त्याच ठेवून, सरळ हिशेबाने रोधकाचे मूल्य काढा. तुमच्या उत्तराची तपासणी कोणत्या पुरवठ्याला करावी लागेल, ते सकारण लिहा.
२. ‘रोध’ आणि ‘गतिक रोध’ यांतील फरक विज्ञान न शिकलेल्या वाचकाला समजेल अशा रीतीने सुमारे १५० शब्दांत स्पष्ट करा. व्याजाखेरीज दुसरे उदाहरण योजावे.